झहले: बेका खोऱ्याच्या उंबरठ्यावरचं गाव

नकाशावेडा

लेबनॉनचा विषय निघाला की बैरुत आणि बालबेकच्या रोमन खांबांपलीकडे गाडी सहसा जात नाही. म्हणून हा धागा फक्त झहलेसाठी. (उच्चार ‘झहले’ असा; मधला ह घशातून, नेहमीच्या ह पेक्षा घोगरा.)

बैरुतहून पूर्वेला साधारण 55 किलोमीटर. सन्नीन डोंगराची पूर्वेकडची उतरण जिथे मैदानाला टेकते, तिथे हे गाव आहे. उंची साडेनऊशे ते हजार मीटर. बर्दौनी नावाची छोटी नदी डोंगरातल्या घळीतून उतरते, तिच्या दोन्ही काठांनी घरं वर चढत गेली आहेत. घळ संपली की समोर बेकाचं सपाट खोरं. गाव असं दोन प्रदेशांच्या सांध्यावर बसलेलं आहे, आणि त्याचा इतिहास बराचसा या बसकणीतून निघतो. डोंगरात धान्य कमी पिकतं, मैदानात गहू भरपूर. डोंगराला गहू आणि मेंढरं हवीत, मैदानातल्या शेतकऱ्यांना आणि भटक्या बदूंना कापड आणि लोखंडी अवजारं हवीत. हा सौदा झहलेत व्हायचा. बंदर नाही, गड नाही, जुनं तीर्थक्षेत्र नाही. बाजार हीच गावाची कमाई.

वस्ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे लेबनॉनच्या मानाने अगदी तरुण. नावाचा अर्थ घसरणाऱ्या जमिनीशी जोडतात, कारण इथल्या टेकड्यांवरून दरडी उतरायच्या. सय्यदत अन-नजात हे कॅथेड्रल 1720 चं. लोक मुख्यतः ग्रीक कॅथलिक, म्हणजे मेल्काइट पंथाचे: उपासनेची पद्धत बायझंटाइन, भाषा अरबी आणि ग्रीक, पण 1724 च्या फुटीनंतर रोमच्या पोपला मानणारे. बालबेक, हौरान अशा बाजूंनी ही कुटुंबं इथे येत गेली. 1777 आणि 1791 साली गाव जळालं, आणि दोन्ही वेळा पुन्हा उभं राहिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाव इतकं सधन झालं की कारभार स्वतःच बघू लागलं. स्वतःचा झेंडा, स्वतःचं गाणं. आजही लोक त्याला ‘झहलेचं प्रजासत्ताक’ म्हणतात.

1860 चं यादवी युद्ध, रेल्वे, द्राक्षं आणि अरक (त्यांपासून काढलेलं इथलं मद्य), 1981 चा वेढा, वीजपुरवठा, असे बरेच विषय आहेत. ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते लिहावं.

दफ्तरखाना

‘प्रजासत्ताक’ शब्द जपून वापरायला हवा. सार्वभौम राज्य कधीच नव्हतं, ऑटोमन सुलतानाचा अंमल कायम होता. घडलं ते असं: मोठ्या घराण्यांचे प्रमुख एकत्र बसून कर, तंटे आणि संरक्षण बघत, आणि डोंगरातले अमीर आणि दमास्कसचा पाशा (सुलतानाचा सुभेदार) या दोघांनाही अंतरावर ठेवत. सत्तेच्या दोन केंद्रांच्या कडेला असल्याचा हा फायदा.

तोटा 1860 साली दिसला. डोंगरात मारोनी ख्रिस्ती आणि द्रूझ (इस्लामातून वेगळा झालेला पंथ) यांच्यात युद्ध पेटलं, तेव्हा झहले हे माउंट लेबनॉनमधलं सगळ्यात मोठं ख्रिस्ती गाव होतं आणि आसपासच्या गावांतून पळालेले लोक इथे आसऱ्याला आले होते. मैदानाच्या बाजूने खंदक खणले, अडथळे उभारले. डोंगराची बाजू त्या मानाने मोकळी राहिली, कारण उत्तरेतून मारोनी पुढारी युसुफ करमचे लोक मदतीला त्याच वाटेने यायचे होते. ते आलेच नाहीत. 18 जूनला त्याच बाजूने द्रूझ तुकडी उतरली, ख्रिस्ती निशाणं फडकवत. ही मदतच आली असं समजून बचाव करणारे गाफील राहिले आणि काही तासांत गाव पडलं, लुटलं गेलं, जाळलं गेलं.

पुढे फ्रेंच फौज उतरली, युरोपीय सत्तांनी दडपण आणलं आणि 1861 मध्ये माउंट लेबनॉनला वेगळा दर्जा मिळाला: ख्रिस्ती पण लेबनॉनबाहेरचा प्रशासक, हाताखाली सात जिल्हे. झहले हा त्यातला एक जिल्हा, आणि त्याचा अधिकारी ग्रीक कॅथलिक. गंमत बघा, गावाला चिकटून असलेली मुअल्लका ही वस्ती मात्र दमास्कसच्या प्रांतात राहिली. बाजारात उभं राहून दहा पावलं चालायचं की प्रांत बदलला. ही रेघ पुसली गेली 1920 मध्ये. फ्रेंच जनरल गूरोने बेका, बालबेक, हासबाया आणि राशाया हे चार तालुके लेबनॉनला जोडले, आणि ती घोषणा झहलेतल्या काद्री हॉटेलात झाली असं इथे आवर्जून सांगतात.

कौलारू

1860 च्या राखेतून उभ्या राहिलेल्या घरांबद्दल थोडं. आज जुन्या भागात दिसणारी बहुतेक घरं त्यानंतरची आहेत. नमुना ठरलेला: चौकोनी दगडी घर, मधे मोठं दालन, दालनाला दर्शनी बाजूला तीन कमानींची खिडकी आणि वर लाल कौलांचं चार उतारांचं छप्पर. त्याआधीची घरं मातीच्या धाब्याची असत. प्रत्येक पावसानंतर छतावर दगडी रूळ फिरवून माती दाबायची, नाही केलं तर भेगांतून पाणी खाली. मार्सेयहून जहाजाने एकमेकांत अडकणारी कौलं येऊ लागली आणि हा व्याप संपला.

कोकणातल्या वाचकाला ही कौलं ओळखीची वाटतील. बासल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढून जी ‘मंगलोरी’ कौलं घडवली, ती याच जातीची.

कौलांना पैसा आला तो बराचसा परदेशातून. इथले लोक ब्राझीलला एवढ्या संख्येने गेले की गावात ब्राझीलच्या नावाचा रस्ता आहे. कवी फौझी मालूफ इथला, तोही ब्राझीलला गेला आणि तिथेच तरुण वयात वारला. इथलाच दुसरा कवी सईद अक्ल मात्र शंभरी ओलांडून 2014 मध्ये वारला. ‘द्राक्षरस आणि काव्याचं शहर’ ही उपाधी झहले मोठ्या अभिमानाने मिरवतं, आणि या दोन नावांनंतर ती पटते.

रूळावरून

रेल्वेचा भाग माझ्याकडे.

आधी रस्ता. बैरुत–दमास्कस घोडागाडीचा रस्ता फ्रेंच कंपनीने बांधला, तो 1863 मध्ये पूर्ण झाला. तो झहलेतून न जाता दक्षिणेकडून श्तौराला खोऱ्यात उतरला. श्तौराचा उदय त्यामुळेच झाला, आणि झहलेच्या व्यापाऱ्यांना पहिल्यांदा बाजूला पडल्यासारखं झालं.

1895 मध्ये रेल्वे आली. रुळांमधलं अंतर 1.05 मीटर. समुद्रापासून निघून सुमारे 1,487 मीटरवरची खिंड ओलांडायची, म्हणजे साधं चाक-रूळ पुरत नाही. म्हणून चढाच्या भागात मधोमध दातेरी पट्टी, आब्त पद्धतीची. निलगिरीच्या गाडीला आहे तीच. इंजिनाखालचं दातेरी चाक पट्टीत अडकतं आणि गाडी ओढली जाते. अशा भागात वेग अगदी कमी, बर्फ साचलं की दाते भरून जातात आणि गाडी अडते. झहलेचं स्टेशन मुअल्लकाला.

पुढे दहाएक किलोमीटरवर रयाक. तिथून सीरियातल्या होम्स आणि अलेप्पोकडे दुसरी लाइन गेली, पण ती 1.435 मीटरची! त्यामुळे बैरुतचा माल अलेप्पोला पाठवायचा तर रयाकला प्रत्येक डबा रिकामा करून दुसऱ्यात भरायचा. हमाल, गोदामं, इंजिनांची कार्यशाळा, हे सगळं या फरकावर उभं राहिलं. 1975 ते 1990 च्या यादवी युद्धात रेल्वे बंद पडली. रयाकच्या आवारात जुनी इंजिनं अजून गंजत उभी आहेत, अंगातून झाडं उगवलेली.

महाराष्ट्राशी एक खरा धागा इथेच आहे. ऑक्टोबर 1918 मध्ये दमास्कस पडल्यावर ब्रिटिशांच्या पाचव्या घोडदळ डिव्हिजनने झहले आणि रयाक ताब्यात घेतलं, आणि पुढे अलेप्पोपर्यंत मजल मारली. या डिव्हिजनमध्ये पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स या दोन्ही पलटणी होत्या.

शुक्रतारा

पूना हॉर्सचा संदर्भ माहीत नव्हता, धन्यवाद. अरकबद्दल कुणीतरी सविस्तर लिहा. आपला ‘अर्क’ आणि हा ‘अरक’ एकच ना?

भाटकार

मूळ एकच. अरबीत अरक म्हणजे घाम. भांड्याच्या झाकणाला आतून जे थेंब सुटतात, त्यावरून ऊर्ध्वपातित द्रवाला ते नाव पडलं. मराठीतला ‘अर्क’ (वैद्याकडचा, रुईचा नव्हे) तिथूनच आलेला, आणि गोव्यातली उर्राकही त्याच घरातली. काजूच्या रसाची पहिली धार म्हणजे उर्राक, पुन्हा चढवली की फेणी. झहलेच्या अरकला तिसरी फेरीही असते, आणि खरी करामत त्या तिसऱ्या फेरीत आहे.

द्राक्षं मुख्यतः ओबैदी आणि मेरवाह, दोन्ही स्थानिक पांढऱ्या जाती. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, साखर पूर्ण भरल्यावर तोडणी. चिरडून रस आणि सालं एकत्रच पिंपात घालतात आणि सुमारे तीन आठवडे आंबू देतात. रोज ढवळावं लागतं. न ढवळल्यास सालांचा थर वर तरंगून सुकतो आणि त्याला व्हिनेगरची आंबटी धरते. एकदा ती आली की कितीही वेळा धार काढा, वास जात नाही.

भट्टीला करके म्हणतात: खाली तांब्याचं रुंद भांडं, वर टोपी, टोपीतून तिरकी नळी, नळी थंड पाण्यातून जाते. सांधे कणकेने लिंपतात. हे काम वरवरचं वाटतं, पण सांध्यातून वाफ सुटली आणि खाली जाळ असला तर आग लागते. तांब्याचा उपयोगही समजून घ्या: आंबवताना तयार झालेली गंधकाची संयुगं तांबं धरून ठेवतं. लोखंडी किंवा स्टीलच्या भांड्यातली धार म्हणूनच सडक्या अंड्यासारखा वास मारू शकते.

पहिल्या फेरीत फक्त मद्यार्क वेगळा करायचा. दुसरीत शुद्धी: सुरुवातीची धार टाकून द्यायची, कारण आधी उकळणारी हानिकारक द्रव्यं तिच्यात एकवटलेली असतात, आणि शेवटची धारही काढून ठेवायची, ती जड आणि उग्र असते. मधला भाग तेवढा ठेवायचा. तिसऱ्या फेरीत तो पाण्याने हलका करून त्यात बडीशेपेच्या कुळातलं अनिस बी घालतात. सगळ्यात नावाजलेलं बी सीरियातल्या हर्मोन डोंगराच्या पायथ्याच्या हीने गावचं. या फेरीला जाळ अगदी मंद. घाई केली तर बी तळाला लागतं आणि जळका कडवटपणा उतरतो. शेवटी तयार अरक साधारण 53 टक्के मद्यार्काचा.

मग मातीच्या रांजणात किमान वर्षभर मुरवण. माती सच्छिद्र असल्याने थोडा अरक उडून जातो, पण चव गोल होते. काचेत ठेवलेला नवा अरक घशाला धारदार लागतो.

हे माहितीसाठी. घरी भट्टी लावणं महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि टाकून द्यायची सुरुवातीची धार ओळखता न येणाऱ्याने ती लावणं हा जिवाशी खेळ आहे.

शुक्रतारा

फारच छान. पाणी घातल्यावर तो दुधासारखा पांढरा का होतो?

भाटकार

अनिसमधलं तेल, अनेथोल, मद्यार्कात विरघळतं, पाण्यात नाही. पाणी घालून मद्यार्काचं प्रमाण खाली आणलं की तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात बाहेर पडतं आणि प्रकाश विखुरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी एक भाग अरक, मग दोन भाग पाणी, सगळ्यात शेवटी बर्फ. अरकवर थेट बर्फ टाकला तर थंडीने तेल एकदम गोठून वर तवंग धरतं, आणि तो नंतर मिसळत नाही. याच कारणाने झहलेत प्रत्येक फेरीला नवा पेला देतात, कारण जुन्या पेल्याला तेलाचा थर लागलेला असतो. न पांढरा होणारा किंवा निळसर फिका होणारा अरक म्हणजे बी कमी पडलं.

द्राक्षबाग

नाशिकच्या बागायतदारांना एक फरक सांगण्यासारखा आहे. आपल्याकडे वेल कधी झोपत नाही, म्हणून वर्षात दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हायला आणि ऑक्टोबरची फळ छाटणी. बेकात हिवाळ्यात बर्फ पडतं, वेल पूर्ण सुप्तावस्थेत जाते, त्यामुळे हिवाळ्याअखेर एकच छाटणी. तोडणी ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ शून्य, म्हणून भुरी-डाऊनी या बुरशीरोगांवरच्या फवारण्या आपल्यापेक्षा खूप कमी. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा, यामुळे साखर चढते आणि आम्लही टिकतं. धोका वसंतातल्या उशिराच्या गोठलेल्या दहिवराचा: कोवळे फुटवे एका रात्रीत काळे पडतात. सखल जागी थंड हवा साचते, म्हणून उतारावरच्या बागा वाचतात आणि मैदानातल्या मार खातात.

झहलेला लागून क्सारा आहे, वाइनसाठी नावाजलेली जागा. तिथे जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी 1857 मध्ये जमीन घेतली आणि अल्जीरियाहून सँसो ही जात आणून लावली. जमिनीखाली रोमनकाळच्या गुहा आहेत, त्यांची लांबी सुमारे दोन किलोमीटर. त्या 1898 मध्ये उजेडात आल्या आणि तळघर म्हणून वापरात आल्या. तापमान वर्षभर 11 ते 13 अंशांच्या आसपास, कुठलंही यंत्र न लावता! 1973 मध्ये जेझुइटांनी हा वाइनचा व्यवसाय विकला.

पानगळ

शाकाहारी माणसाने झहलेत काय खावं? नदीकाठच्या खानावळींचं नाव खूप ऐकलंय.

पाटावरवंटा

खावं तेवढं थोडं. 2013 मध्ये युनेस्कोने झहलेला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तो इथल्या मेझ्झेसाठी, म्हणजे एकत्र मांडलेल्या छोट्या छोट्या पदार्थांसाठी. वादी अल-अरायेश, म्हणजे द्राक्षमांडवांची घळ, इथे बर्दौनीच्या काठाने उघड्यावरच्या खानावळी आहेत. त्यांना ‘काझिनो’ म्हणतात, जुगाराशी संबंध नाही. उन्हाळ्यात भरलेल्या असतात. हिवाळ्यात बऱ्याच बंद, हे ध्यानात ठेवा.

दोन शब्द पाठ करून जा. ‘बि-झेत’ म्हणजे तेलातलं, बिनमांसाचं. ‘बि-लहमे’ म्हणजे मांसाचं. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या दोन्ही प्रकारच्या असतात आणि दिसायला सारख्याच, त्यामुळे विचारल्याशिवाय उचलू नका. ‘सियामी’ असं विचारलंत तर अजून स्पष्ट: उपवासाचं, म्हणजे मांस नाही आणि सहसा दूधदुभतंही नाही. हुम्मुस (छोल्यांचं वाटण), मुतब्बल (भाजक्या वांग्याचं, आपल्या भरिताचं लांबचं भावंड, पण तिळाच्या ताहिनीतलं), लबने (दह्याचा चक्का), फत्तूश (भाजलेल्या रोटीच्या तुकड्यांची कोशिंबीर), तब्बूले हे निर्धास्त घ्या.

तब्बूले भारतात बहुतेक ठिकाणी चुकतं. ती दलियाची कोशिंबीर नाही, पार्सलीची आहे. चार जणांना पार्सलीच्या चार मोठ्या जुड्या, मूठभर पुदिना, तीन टोमॅटो, एक पातीचा कांदा, आणि बारीक बुलगूर (उकडून वाळवून भरडलेला गहू) फक्त तीन-चार चमचे. पार्सली धुऊन पूर्ण कोरडी करा, ओली चिरली तर लगदा होतो. धारदार सुरीने एकदाच चिरा, यंत्रात घातली की काळी पडून कडू लागते. बुलगूर पाण्यात भिजवू नका. चिरलेल्या टोमॅटोचं पाणी आणि लिंबाचा रस तो शोषून घेतो, वीस मिनिटं पुरतात. मीठ आणि ऑलिव्ह तेल वाढताना. ती चमच्याने न खाता कोबीच्या किंवा लेट्यूसच्या पानात घेऊन खातात.

दफ्तरखाना

1981 बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. यादवी युद्धात सीरियाचं सैन्य बेकात होतं, झहलेत ‘लेबनीज फोर्सेस’ या ख्रिस्ती सशस्त्र संघटनेचे लढवय्ये. डिसेंबर 1980 पासून चकमकी, एप्रिल 1981 पासून पूर्ण वेढा आणि तोफांचा मारा. लढवय्यांना रसद डोंगराच्या बाजूने, सन्नीनच्या बर्फातून पोचत होती. ती वाट तोडायला सीरियाने हेलिकॉप्टर वापरली. 28 एप्रिलला इस्रायलने त्यांतली दोन पाडली, आणि सीरियाने बेकात विमानविरोधी क्षेपणास्त्रं आणून ठेवली. एका गावच्या वेढ्याचं असं आंतरराष्ट्रीय संकट झालं. अमेरिकेचे दूत फिलिप हबीब यांच्या मध्यस्थीनंतर 30 जूनला लढवय्ये बाहेर पडले. 1860 मध्ये डोंगराच्या बाजूनेच घात झाला होता, 1981 मध्ये त्याच बाजूने गाव तगलं. पुढे 1989 ते 1998 देशाचे अध्यक्ष असलेले इलियास हरावी इथलेच.

पानगळ

नोहाची कबर झहलेत आहे म्हणतात, ते खरं?

नकाशावेडा

करक नूह, मुअल्लकाच्या पुढची वस्ती, आता गावातच मिसळलेली. मशिदीत तीस मीटरहून लांब कबर आहे. काही अभ्यासकांना ती जुन्या जलवाहिनीचा अवशेष वाटते. श्रद्धेने येणारे अजूनही येतात, तेव्हा तिथे वागणं-बोलणं त्या जागेला साजेसं ठेवावं.

कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणाच्या गुरुवारची मिरवणूकही चुकवू नये, साधारण जूनच्या आसपास येते. 1825 च्या प्लेगमध्ये बिशप प्रसादाची भाकर घेऊन गल्ल्यांतून फिरले आणि साथ ओसरली, अशी आठवण. तेव्हापासून दरवर्षी निघते. आदल्या रात्री मशाली.

जाण्याबद्दल: बैरुतच्या कोला चौकातून बेकाकडे व्हॅन सुटतात. रस्ता दहर अल-बैदर खिंडीतून, उंची दीड हजार मीटरच्या वर, जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ आणि धुक्याने बंद होऊ शकतो. श्तौराला उतरून उत्तरेकडे काही किलोमीटर. युद्धस्थिती वारंवार बदलते, म्हणून भारतीय दूतावासाची ताजी सूचना वाचल्याशिवाय निघू नये.

तारयंत्री

विजेचं राहिलं, आणि मला ते झहलेचं सगळ्यात मोठं काम वाटतं. लेबनॉनमध्ये सरकारी वीज दिवसात काही तासच येते. उरलेल्या तासांसाठी गल्लीतल्या खासगी जनरेटरवाल्याकडून अँपिअरच्या हिशोबाने जोडणी घ्यायची, त्यामुळे घरात दोन जोडण्या आणि दोन बिलं.

झहलेत ‘इलेक्ट्रिसिते द झहले’ ही खासगी कंपनी फ्रेंच काळापासून वितरण बघत आली आहे. 2015 च्या सुमारास तिने स्वतःचं डिझेल वीज केंद्र जोडलं. सरकारी वीज आली की ती, गेली की स्वतःची, त्याच तारांतून, त्याच मीटरवर. शहर आणि भोवतीची 16 गावं चोवीस तास उजळली. बाकी देशात हे जमत नव्हतं याचं कारण यंत्रं नव्हे. तारांचं जाळं आणि मीटर एकाच हातात होते, बिलाची वसुली चोख होती, चोरी कमी होती. यातलं एकही नसेल तर केंद्र उभारूनही पैसा बुडतो. जनरेटरवाल्यांचा विरोध झाला, तारांवर गोळ्याही झाडल्या गेल्या, तरी योजना टिकली.

कच्चा दुवा डिझेल. ते आयात करावं लागतं, त्यासाठी डॉलर हवेत. 2019 नंतर लेबनीज पौंड कोसळला, डिझेल मिळेनासं झालं आणि इथेही तास कापावे लागले. गच्च्यांवर सौर पॅनेल चढली ती त्यानंतर. बर्फ पडणाऱ्या गावात पॅनेल जास्त कलते बसवावे लागतात, नाहीतर बर्फ घसरून न जाता वर साचतं आणि नेमकं हिवाळ्यातच उत्पादन थांबतं.

शुक्रतारा

पॅनेल कौलारू छपरांवर बसवतात का? की जुन्या घरांना परवानगी लागते?

कौलारू

जुन्या कौलांवर सहसा नाही. खालचा लाकडी सांगाडा कौलांचं आणि बर्फाचं वजन धरून केलेला असतो, त्यात लोखंडी चौकट आणि वाऱ्याचा ताण वाढवला की वासे वाकतात. शिवाय आकडा बसवायला कौल भोकावं लागतं आणि पाणी तिथूनच शिरतं. नव्या इमारतींच्या सपाट गच्च्यांवरच बहुतेक पॅनेल दिसतील. परवानगी नगरपालिकेकडून घ्यावी लागते.